थायरॉईडची कुठली टेस्ट करू?

"मला थायरॉईड आहे" हे वाक्य हल्ली इतक्या वेळा कानावर पडतं की त्यातली गंमत आता कुणाला जाणवतही नाही. अहो, थायरॉईड सगळ्यांनाच आहे! गळ्यात, स्वरयंत्राच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची ती ग्रंथी बसलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव अवटु ग्रंथी. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, एवढं एका मार्काचं उत्तर पाठ केलं की तिचा आणि आपला संबंध संपायचा. आता मात्र लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या जिन्यात, जिथे चार बायका जमतील तिथे तिचाच विषय निघतो.

मी गेली अठरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेते. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात मी या विषयातली जाणकार समजली जाते. कुणाचे केस गळायला लागले, कुणाचं वजन वाढलं, कुणाला दुपारी ऑफिसात डुलक्या यायला लागल्या, की मला फोन येतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "कुठली टेस्ट करू गं? नुसती टीएसएच करू, का पूर्ण प्रोफाईल, का ते साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज? पॅकेज स्वस्त पडतंय."

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण अठरा वर्षांत कितीतरी वेळा सुई टोचून घेतलेली, आणि आपल्या दुखण्याबद्दल हाताला लागेल ते वाचणारी बाई म्हणून माझं एक मत तयार झालंय. तपासणी निवडायच्या आधी प्रश्न ठरवावा. "माझी थायरॉईड नीट चालते आहे का?" एवढाच प्रश्न असेल, तर बहुतेकांना एकटी टीएसएच पुरते. बाकीच्या तपासण्या तिच्या उत्तरातून नवा प्रश्न निघाला तर कराव्या, किंवा डॉक्टरांच्या मनात काही वेगळी शंका असली तर. पॅकेजमध्ये आहेत म्हणून करू नयेत.

आता हे असं का, ते सांगते. टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक नाहीच मुळी. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं. घरात आई पोराला हाक मारते ना, तसं आहे ते. पोरगं पहिल्या हाकेला ओ देत असेल तर आईचा आवाज साधा असतो. ऐकत नसेल तर आवाज चढत जातो. थायरॉईड मंदावली, तिचं टी४ कमी पडायला लागलं, की पिट्यूटरी आवाज चढवते आणि टीएसएच वाढतं. उलट थायरॉईड न सांगताच धावत सुटली असेल तर आई गप्प बसते, टीएसएच तळाला जातं. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसलं तर त्याचा अर्थ बहुधा थायरॉईड 'कमी' झाली आहे, असा असतो. या उलट्या हिशोबामुळे किती घरांत गोंधळ झालेला मी पाहिलाय! "टीएसएच जास्त आलंय, म्हणजे थायरॉईड जास्त झालाय, मग गोळी कशाला वाढवली?" असं म्हणून गोळी बंद करून बसलेले एक काका माझ्या ओळखीत आहेत.

या हाकेची खुबी अशी की आईला पोराची चाल फार लवकर कळते. टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते कित्येक पटींनी वाढतं, शंभर पटींपर्यंतसुद्धा. त्यामुळे टी४ अजून रिपोर्टातल्या मर्यादेत असतानाच टीएसएच ओरडायला लागलेलं असतं. पहिली तपासणी म्हणून तिचा मान आहे तो एवढ्यासाठी.

ही सोय पूर्वी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाला उपाशी झोपवून, तो किती प्राणवायू वापरतो ते मोजून थायरॉईडचा अंदाज बांधत. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून पाऊल किती सावकाश परत येतं तेही बघत, कारण थायरॉईड मंद असली की तो झटका ओसरायला वेळ लागतो. पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातली अगदी सूक्ष्म मात्रेतली संप्रेरकं मोजायची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत काढली. त्यासाठी यालोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. (बर्सन १९७२ सालीच गेले होते, नाहीतर त्यांनाही मिळालं असतं असं सगळेच म्हणतात.) त्या वाटेने पुढे टीएसएच मोजता यायला लागलं, आणि १९८०च्या दशकात इतकं बारीक मोजता यायला लागलं की टीएसएच अगदी कमी असणं आणि साधं असणं यातला फरकही कळू लागला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काखेतला थर्मामीटर! सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तापमान घ्या, कमी आलं तर थायरॉईड कमी, हा सल्ला अजूनही फिरतोय. अमेरिकेतल्या ब्रोडा बार्न्स नावाच्या डॉक्टरांनी १९४२ साली हा विचार मांडला होता. तेव्हा रक्ततपासणी हाताशी नव्हती, त्यामुळे त्यांचा प्रयत्न समजण्यासारखा आहे. पण अंगाचं तापमान ऋतूप्रमाणे बदलतं, पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतं, झोप किती झाली त्यावर बदलतं. डिसेंबरात नाशिकला आणि मे महिन्यात नागपूरला घेतलेल्या तापमानावरून एकाच ग्रंथीचा निवाडा कसा करायचा? फुकट आहे आणि सुई टोचत नाही, एवढ्यावर तपासणी निवडू नये.

आता पॅकेजकडे येते. आपल्याकडे 'थायरॉईड प्रोफाईल' म्हणून टी३, टी४ आणि टीएसएच अशी तिकडी सर्रास करतात. यातलं टी३ हे थायरॉईड मंद असताना फार काही सांगत नाही. शरीर बिचारं शेवटपर्यंत टी३ सांभाळून ठेवतं, त्यामुळे आजार असूनही ते नॉर्मल दिसू शकतं. आणि साधं, म्हणजे एकूण टी४ मोजलं तर त्यात रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला भाग मोठा असतो. गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना ती प्रथिनं वाढतात आणि एकूण टी४ उगाचच जास्त दिसतं. म्हणून टी४ करायचंच असेल तर 'फ्री टी४' करावं. तिकडीचा रिपोर्ट भरगच्च दिसतो खरा, पण त्यातल्या दोन ओळी बहुतेक वेळा नुसती कागदाची शोभा असतात.

साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज तर आणखी पुढचं. रिपोर्टात जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के धरून काढलेली असते. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा वीसातून एकदा बाहेर जाणार, हे त्या मर्यादेतच लिहिलेलं आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के होते. साठ तपासण्यांचं तुम्हीच बघा! मग त्या ठळक आकड्याच्या मागे आपण धावत सुटतो.

दक्षिण कोरियात हे केवढ्या प्रमाणावर झालं ते वाचून मी हादरले होते. तिथे १९९९ साली कॅन्सरची राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड त्या यादीत नव्हती, पण थोडे जास्त पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफीही करून मिळायची. लोकांनी केली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरा पट झालं होतं. त्या आजाराने मरणाऱ्यांची संख्या मात्र जिथल्या तिथे होती. म्हणजे जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीकसारीक गाठी शोधून काढल्या गेल्या, हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना आयुष्यभराची गोळी लागली. गळ्याला हाताला लागणारी गाठ असेल तर सोनोग्राफी जरूर करावी. टीएसएच थोडं वाढलंय म्हणून 'बघून तरी घेऊ' अशी सोनोग्राफी करू नये, हे मी त्यानंतर शंभर वेळा सांगितलं असेल.

आमच्या घरात ही गोष्ट आईच्या निमित्ताने आली. आई तेव्हा ७६ वर्षांची. सोसायटीत आरोग्य शिबिर झालं, त्यात तिचं रक्त घेतलं आणि टीएसएच ६.४ आलं. तिला काही होत नव्हतं. रोज खाली फेऱ्या मारायची, शब्दकोडं सोडवायची, भांडायचीही जोरात. :) पण आकडा लाल अक्षरांत होता. भावाचं म्हणणं, लगेच गोळी सुरू करू, साधी गोळी तर आहे. माझं म्हणणं, थांबू. आमचं चांगलंच वाजलं. "तू स्वतः घेतेस आणि आईला नको म्हणतेस?" हा त्याचा प्रश्न बोचणारा होता, पण उत्तर सोपं होतं. माझं टीएसएच तेव्हा ऐंशीच्या वर होतं आणि मला जिना चढवत नव्हता. माझा प्रश्न वेगळा होता, आईचा वेगळा.

वय वाढतं तसं टीएसएच थोडं वर सरकतंच. आमच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टीएसएच, आणि सोबत फ्री टी४ करायला सांगितलं. टीएसएच ५.२ आलं, फ्री टी४ व्यवस्थित होतं. गोळी सुरू झाली नाही. २०१७ साली युरोपातल्या ७३७ वयस्कर लोकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे ६५च्या वरचे, टीएसएच थोडं वाढलेलं आणि फ्री टी४ नॉर्मल असलेले. वर्षभर निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. थकवा आणि बाकीच्या त्रासात काही फरक पडला नाही. आणि गोळी साधी असली तरी ती जास्त झाली तर म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. पडून खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

याचा अर्थ तपासण्या टाळा असा कुणी काढू नये. आजार खरा आहे आणि आपल्याकडे भरपूर आहे. भारतातल्या आठ शहरांतल्या मोठ्या माणसांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईही होती. साधारण ११ टक्के लोकांमध्ये थायरॉईड मंद असल्याचं दिसलं. त्यांच्याशिवाय आणखी बरेच जण माझ्या आईसारखे, म्हणजे टीएसएच थोडं वर आणि टी४ ठीक, असे होते. अशांना तपासणीच्या निवडीने मोठा फरक पडतो.

एकट्या टीएसएचवर विसंबू नये अशाही काही जागा आहेत, आणि त्या माहीत असायला हव्यात. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर अंगावर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, थकवा जात नाही, अशी बाई असेल तर कधीकधी पिट्यूटरीच दुखावलेली असते. आईचाच घसा बसलाय, मग हाक कशी येणार? अशा वेळी टीएसएच अगदी नॉर्मल दिसतं आणि फ्री टी४ खाली गेलेलं असतं. आपल्याकडे अशा कितीतरी बाया वर्षानुवर्षं 'रिपोर्ट नॉर्मल आहे' ऐकून घरी परतल्या असतील. टीएसएच खूप कमी आलं तर फ्री टी४ आणि टी३ दोन्ही लागतात. इथे मात्र टी३ला महत्त्व आहे, कारण कधीकधी तेच एकटं वाढलेलं असतं. धावणाऱ्या थायरॉईडवर औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने टीएसएच तळालाच राहू शकतं, तेव्हाही टी४-टी३ बघावं लागतं. टीएसएच वाढलेलं असेल तर अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी एकदा करायला हरकत नाही. आपलं शरीरच ग्रंथीवर उठलंय का आणि पुढे आजार वाढायची शक्यता किती, याचा अंदाज त्यातून येतो. पण ती दर वर्षी करून काय मिळतं ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. एकदा आहे म्हटलं की आहे! आणि गरोदरपणात मर्यादाच वेगळ्या असतात. तिथे आपलं डोकं न चालवता सरळ डॉक्टरांकडे जावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच टी४वर वाढत असतो.

तपासणी कुठली, याइतकंच ती कशी द्यायची यालाही महत्त्व आहे. माझ्या मावसबहिणीचा रिपोर्ट मागे आला, टीएसएच जवळजवळ शून्य आणि फ्री टी४ भलतंच वर. थायरॉईड धावतेय म्हणून घरात रडारड. पण ना तिचे हात थरथरत होते, ना छातीत धडधड. डॉक्टर हुशार, त्यांनी विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?" घेत होती, बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या. माणसाची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ती शेकडो पट घेत होती. बऱ्याच लॅबच्या यंत्रांत मोजणीच्या रसायनांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन आकडा बिघडवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळ्या आठवडाभर थांबवून पुन्हा रक्त दिलं, टीएसएच २.३. गंमत म्हणजे केस गळतात म्हणून थायरॉईड तपासायला जाणाऱ्या बाया आधीच केसांच्या गोळ्या घेत असतात! तेव्हा रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी त्या बंद कराव्या आणि लॅबवाल्याला सांगावं.

बाकीचे माझे नियम साधे आहेत. टीएसएच पहाटे जास्त असतं आणि दुपारी कमी, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी रक्त द्यायचं. उपाशीच जायची सक्ती नाही, पण एकदा उपाशी आणि एकदा पोहे खाऊन असं करायचं नाही. लॅब शक्यतो एकच ठेवायची आणि एनएबीएलची मान्यता बघून निवडायची, कारण यंत्रं वेगळी तसे आकडे थोडे वेगळे येतात. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्यावी. गोळीचा डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबायचं. टी४ची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच सातेक दिवस लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत केलेली तपासणी खरं चित्र दाखवत नाही. मोठं आजारपण किंवा हॉस्पिटलात भरती असताना, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय थायरॉईड तपासू नये, आकडे तात्पुरते हलतात. आणि बोट टोचून घरी करायच्या पट्टीत नुसती रेघ येते. माझ्यासारखीला ५ आणि ५० यातला फरक कळायला हवा, तो त्या रेघेतून कळत नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आपण मोठी माणसं हौसेने वर्षातून दोनदा प्रोफाईल करून घेतो, आणि जिला ही तपासणी खरोखर हवी, ती व्यक्ती मागू शकत नाही. नुकतंच जन्मलेलं बाळ! काही बाळांची थायरॉईड जन्मतःच काम करत नसते. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक असं प्रमाण सापडलंय. पोटात असताना आईचं टी४ मिळत असतं, म्हणून जन्मल्यावर ते बाळ अगदी छान दिसतं. लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान व्हायला लागलेलं असतं आणि ते भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर तेच बाळ चारचौघांसारखं वाढतं, शाळेत जातं. त्यासाठी लागतात टाचेतून कागदावर घेतलेले रक्ताचे काही थेंब, शक्यतो जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात हे १९७४ साली सुरू झालं. आपल्याकडे काही राज्यांत आणि काही हॉस्पिटलांत होतं, पण देशातल्या प्रत्येक बाळाची तपासणी होईलच अशी सक्तीची व्यवस्था अजून नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात, शेजारी, कामवाल्या मावशींकडे कुणी बाळंत होणार असेल, तर बारशाच्या झबल्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा, "बाळाच्या टाचेतून थायरॉईडची तपासणी होणार आहे ना? रिपोर्ट कधी मिळेल?" आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय गप्प बसू नका. तुमच्या पुढच्या पॅकेजचे पैसे वाचवून एखाद्या बाळाच्या तपासणीला दिलेत तरी चालेल.